पिल्लांच्या रांगेतली कोळीण

फार वर्षांपूर्वी सातपुड्याच्या रानात दरसाल सोंगांची स्पर्धा भरायची. मोर, माकडं स्वतः नाचून सोंग वठवत. रेशमा कोळीण मात्र जाळ्यात धाग्याधाग्यानं चित्रं विणून, ती हलवून गोष्ट सांगे. तिला दरवेळी पिल्लांच्या रांगेत बसवून एक बोर देत.

यंदा तिनं वणव्यात पाडस हरवलेल्या हरिणीची गोष्ट विणली. पंच अस्वलानं बोर पुढं केलं. "छान हो! पोरं खूश झाली."

"अस्वलदादा, तुम्ही पाहिलीत?"

"पोरांचा खेळ तो. आम्ही काय पाहायचा?"

"मग बोर नको मला. आधी पाहा. मग हरवलंत तरी चालेल, पण मोरासमोर उभं करून हरवा."

अस्वल ओशाळून जाळ्यासमोर बसलं. थोड्या वेळानं मोर निकालाची घाई करू लागला, तसं ते डोळे पुसत खेकसलं, "थांब रे! पाडस सापडतंय का, बघू दे."