गाडीला शिकवलेला पवित्रा

कागलच्या माळावर मोटारसायकलींची शर्यत सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता, आणि शर्वाणी इंगवलेची गाडी उंचवट्यांवरून बेडकासारखी उडत होती. टीमचे मालक बाजीराव आबा म्हणजे एके काळचे नामांकित पैलवान. त्यांनीच मागची स्प्रिंग पिळून पिळून घट्ट करवली होती.

"आबा, स्प्रिंग जरा सैल करू द्या," शर्वाणी काकुळतीला आली. "मी बसले की गाडी चार बोटं तरी खाली दबली पाहिजे. तरच खड्डा आला की चाक खाली उतरून जमीन धरतं."

"दबली पाहिजे?" आबांनी मिशीला पीळ दिला. "आमची गाडी कुणापुढं दबणार न्हाई! पटत नसंल तर दुसरा गडी बसवतो."

बघ्यांची गर्दी जमली. रडकुंडीला आलेली शर्वाणी एकाएकी हसली.

"राहिलं, आबा. पण एवढी माणसं आलीत, त्यांना तुमचा कुस्तीतला पवित्रा तरी दाखवा!"

आबा खुलले. त्यांनी शड्डू ठोकला, पाय फाकवले आणि गुडघे वाकवून झोकात पवित्रा घेतला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हे काय आबा, खाली का दबलात? ताठ उभे राहा की!"

"येडी का काय पोरी? ताठ राहिलो तर पहिल्याच धक्क्याला उताणा पडीन!"

"मग मला कशाला पाडताय?"

माळावर हशा पिकला. आबा क्षणभर तसेच वाकलेले राहिले आणि मग मेकॅनिकवर गरजले, "बघतोस काय? पाना आण, गाडीला पवित्रा शिकीव!"