गोजाईचे खळगे

चिंचोणीच्या खाली नदी वळते, तिथे काठच्या कातळात दोन खळगे आहेत. भर वैशाखातही ते पाण्याने भरलेले असतात. गळ घेऊन आलेल्या हौशी मंडळींना म्हातारे नथूतात्या भोई आधी तिथे बसवतात, गोष्ट सांगतात, मगच डोहाकडे जाऊ देतात.

फार पूर्वी म्हणे या डोहाची राखण गोजा भोईण करी. अंड्यांनी जड झालेल्या खडस मासळीला धक्का लागू देणार नाही, असा तिने नदीला शब्द दिला होता. त्यांतली थोरली तर तिच्या हातचा भात खाई. एकदा एक सरदार लवाजमा घेऊन आला. पोटासाठी नव्हे, मौजेसाठी. आणि नेमकी थोरलीच त्याच्या गळाला लागली. गोजा पाया पडली, तेव्हा तो हसून म्हणाला, मारतो कोण, सोडणारच आहे. पण सोडण्याआधी त्याने काय करावे? थोरलीला तापल्या कातळावर टाकले आणि कोरड्या शेल्यात गुंडाळून तिचा सत्कार केला! पाहुण्यांनी हातोहात उचलून पाहिली, वजनावर पैजा लावल्या. अंगावरचा बुळबुळीत थर हेच माशाचे कवच. ते शेल्याने पुसून काढले. मग लांबूनच पाण्यात भिरकावली. थोरली पोट वर करून तरंगू लागली, आणि हा म्हणे जीवदान देणारा पुण्यात्मा!

सरदार हात धुवायला वाकला, तोच गोजाने मानगूट धरून त्याचे तोंड पाण्यात दाबले. चाकर धावून येईतो सोडूनही दिले.

"सोडलं की तुमास्नी," ती म्हणाली. "मग धापा कशापायी टाकता?"

 कातळावर गुडघे टेकून तिने ओल्या हातांनी थोरलीला पाण्यातच पोटाखाली धरले, तोंड धारेकडे केले. ही आपली आपण पोहेपर्यंत उठणार नाही, असे नदीला सांगितले. ऊन कलले तरी ती उठली नाही. तिच्या गुडघ्यांखाली कातळच मऊ झाला, असे सांगतात. अखेर शेपटी हलली आणि थोरली तिच्या हातांतून निघून गेली.

आजही इथे मासा सहज सुटावा म्हणून गळाचा उलटा काटा आधी ठेचतात, त्या खळग्यांत हात भिजवतात, आणि मासा पाण्याबाहेर असेतो धरणाऱ्याने स्वतःचा श्वास रोखायचा असतो. परवा एकाचा हातातल्या माशासोबतचा फोटो फार लांबला. तोंड लालबुंद झाले आणि त्याने श्वास घेतला.

"तुमी घेतलात," तात्या म्हणाले. "त्यानं अजून न्हाई घेतला."