सावरीवरची टिटवी

पाखरांची सभा भरायची, त्या काळची गोष्ट. माळावर जरा काही हललं की टिटवी ओरडून सगळ्यांना जागं करायची. म्हणून राजाच्या दरबारात आपल्या वतीने बोलायला पाखरांनी तिलाच निवडून दिलं.

"आता बाईसाहेबांनी जमिनीवर बसायचं? शोभतं का?" म्हणत कावळ्याने तिला दरबारातल्या सावरीच्या उंच फांदीवर बसवलं. टिटवीच्या पायांना फांदी धरताच येत नाही, हे मानपानाच्या गडबडीत कुणाला आठवलं नाही. तीही बोलली नाही. तोल सांभाळत ती वर्षानुवर्षं भाषणं करत राहिली, निवडून येत राहिली. माळावरच्या दगडगोट्यांमधली आपली जुनी जागा मात्र वरून रोज बघायची.

शेवटी एकदा ती हरली. फांदीवर पोपट आला आणि टिटवी माळावर उतरली. "या बाईसाहेब," म्हणत पाखरं अदबीने लांब सरकली. जवळ कुणीच येईना.

तेवढ्यात जुनी शेजारीण लावरी गवतातल्या घरट्यातून खेकसली, "टिटे, दिसत नाही का गं? पिलांवर पाय देशील!"

टिटवीने चटकन पाय मागे घेतला. तिचे डोळे भरून आले.

"लावरे," ती म्हणाली, "अजून एकदा ओरड ना माझ्यावर."