ठिपक्या झापडं बांधून घेईना

गावोगाव लाकडी घाणे कुरकुरत होते, तेव्हाची गोष्ट. रंभाजी तेल्याचा चांद्या बैल घाण्यालाच मेला आणि त्याच्या जागी धाकटा भाऊ ठिपक्या जुंपला गेला. रंभाजीने डोळ्यांवर झापडं बांधायला घेतली, तशी ठिपक्याने मान हिसडली.

"बांधून घे, वेड्या," गोठ्यातली म्हातारी म्हैस म्हणाली. "दिसत नाही म्हणून दुखत नाही. तुझा दादा जन्मभर तसाच फिरला."

"म्हणूनच, मावशे! त्याची वाट त्याला कधी दिसलीच नाही. मी बघणार."

"चक्कर येऊन पडशील!"

"पडलो तर उठेन."

पहिल्याच फेरीला अंगण गरगरलं आणि ठिपक्याचे गुडघे टेकले. रंभाजी पुन्हा झापडं घेऊन धावला. ठिपक्याने उठून शिंगं रोखली, तसा तो मागे सरला.

मग ठिपक्याने नजर खाली लावली. दादाच्या खुरांनी झिजलेल्या वाटेवर तो एकेक पाऊल टाकू लागला. मुंग्या तीळ ओढत होत्या, त्यांना चुकवून त्याने खूर टेकवला. गरगर थांबली.

एका जागी तो उभा राहिला. चाबूक बसला, तरी हलेना.

"आता काय झालं?" म्हशीने विचारलं.

"दादा इथं दम खायचा, मावशे. इथली माती त्याच्या खुरांनी खोल दबलीय. मीही रोज इथं थांबणार."