नाईकाच्या पुढं कोण?

फार फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा गाड्यांचे रस्ते नव्हते. मिठाची पोती बैलांच्या पाठीवर लादून रानावनातून गावोगाव न्यावी लागत. अशा बैलांचा एक तांडा होता आणि त्या तांड्याचा एक नाईक होता.

तांड्याची रीत अशी, की वाट शोधायला नाईकानं पुढं जायचं आणि तो परत येईपर्यंत बाकीच्यांनी मुक्काम हलवायचा नाही. रीत चांगलीच होती. पण हा नाईक भारी ताठ! त्यानं तिच्यात आपल्या पदरची भर घातली: नाईकाच्या पुढं माणसानं तर नाहीच, बैलानंही पाऊल टाकायचं नाही.

एकदा तांडा घाटमाथ्यावर मुक्कामाला उतरला. नाईक कवड्या नावाच्या म्हाताऱ्या बैलाला घेऊन वाट शोधायला निघाला. एका अरुंद कड्यावर कवड्या थबकला. त्यानं माती हुंगली आणि चारी पाय रोवले.

"मला वाट शिकवतोस होय रे?" नाईक म्हणाला, आणि त्यानं कासरा खेचला.

व्हायचं तेच झालं. पायाखालची माती सुटली आणि नाईक, बैल, दगड, झुडपं, सगळं धडाधड दरीत गेलं.

नाईक शुद्धीवर आला तेव्हा त्याचा पाय मोडला होता. कवड्याला खरचटलं होतं, पण तो उभा होता. हाका मारमारून नाईकाचा घसा बसला. तांडा कुठं आणि तो कुठं! शेवटी त्यानं मुंडासं सोडलं, दोन काटक्या लावून पाय घट्ट बांधला आणि मनाशी म्हणाला, 'पाणी मिळालं तर जगेन.'

पाणी उताराकडंच असणार, असं त्यानं ठरवलं. तो सरपटत बैलाला खाली ओढी आणि बैल त्याला वर ओढी. दिवसभर हीच ओढाताण. खाली पोचला तर ओढ्यात नुसते कोरडे दगडगोटे. तरी हा कासरा सोडेना. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो असा!

दुसऱ्या दिवशी त्याचे ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटली. तेव्हा मात्र नाईक घाबरला. त्यानं बैलाचा कासरा सोडला.

"जा बाबा," तो म्हणाला. "तू तरी जग."

कवड्या निघाला, तो थेट चढाकडं. आणि नाईक आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी मागं निघाला, तोही रांगत.

चढावर कुठं पाणी असतं का? होतं की! एका काळ्या कपारीत, उंबराच्या मुळांतून पाणी झिरपत होतं आणि खाली स्वच्छ टाकं भरलं होतं. नाईकानं त्यात तोंड बुडवलं. पिता पिता तो रडला.

दिवस मावळायला आला तशी रानाला जाग आली. आधी सांबरं आली, पाणी पिऊन गेली. मग पिल्लं घेऊन रानडुकरीण आली. मोर आले. आणि एकदम सगळं चिडीचूप झालं. वाघ आला.

कवड्या नाईकाला टेकून थरथरत राहिला. वाघानं दोघांकडं एकदा बघितलं, सावकाश पाणी प्याला, मिशा झटकल्या आणि निघून गेला. पोट भरलेलं असावं. नाहीतर ही गोष्ट इथंच संपली असती!

नाईक थक्क होऊन बसला. इतकी वर्षं तो अशा रानांतून आला-गेला, पण त्याची नजर सदा पुढच्या मुक्कामावर. रान त्याला कधी दिसलंच नव्हतं. केवढं अफाट राज्य हे! आणि इथं त्याला कुणी हिंग लावूनही विचारत नव्हतं. त्याला राग आला नाही. त्याचे हात आपोआप जुळले.

उंबरं खाऊन, पाणी पिऊन तो तिथं बरेच दिवस राहिला. पाय टेकता येऊ लागला, तेव्हा कवड्या सांबरांच्या पायवाटेनं वर चढला आणि नाईक त्याचं शेपूट धरून मागं.

माथ्यावर येऊन बघतो, तर तांडा जिथल्या तिथं! पीठ संपलेलं, जवळचा झरा आटत आलेला, माणसं झाडपाल्यावर आलेली. पोत्यांत मीठ होतं, पण मीठ खाऊन कोण जगतं? त्याची बायको धाकट्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीला रडायचंही बळ उरलं नव्हतं.

"अरे, निघाला का नाहीत तुम्ही?" नाईक कळवळून ओरडला.

"निघणार कसं, नाईक?" एक म्हातारा म्हणाला. "पुढं चालायचं कसं, ते इथं कुणाला ठाऊक आहे? तुम्ही कधी कुणाला चालू दिलंत?"

नाईकाची मान खाली गेली. बायकोनं डोळे पुसले. "आलात, हेच पुष्कळ," ती म्हणाली. "पण तुम्ही, आणि बैलाच्या मागं?"

"मागं चाललो म्हणून तर आलो," नाईक म्हणाला.

त्यानं लेकीला उचलून खांद्यावर घेतलं, आणि सगळा तांडा कवड्याच्या मागोमाग त्या टाक्यावर उतरला. पाण्यानं आणि उंबरांनी पोरगी वाचली, माणसंही वाचली. तेव्हापासून त्या तांड्यात रोज नवा माणूस पुढं चालू लागला. कुणी वाट चुकलाच, तर सगळ्यात मागून नाईकाचा आवाज येई, "चुकू दे रे, शिकेल!"

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्याला मागं चालता येतं, त्याच्याच मागं निर्धास्त चालावं.