खणातली धाकटी

संगणकाच्या पेटीलाही कुलूपकिल्ली असायची, त्या काळची गोष्ट. जुन्नरच्या एका फोटो स्टुडिओत दोन हार्ड डिस्क होत्या. थोरली पेटीत पक्की बसवलेली. धाकटी कुलपाच्या सरकत्या खणात. दर शनिवारी थोरलीतले सगळे फोटो धाकटीत उतरवून शिंत्रेबाई तिला खणासकट बाहेर काढायच्या आणि लोखंडी कपाटात ठेवायच्या.

त्या कपाटाच्या नुसत्या आठवणीने धाकटीचा थरकाप उडायचा. "ताई, तिथे मिट्ट काळोख असतो गं. बाई मला विसरल्या तर?"

"भिऊ नकोस. दोघी एका जागी नसाव्यात, म्हणून तर तू तिथे जातेस," थोरली म्हणायची.

एका शनिवारी मात्र धाकटीने कुलपाची विनवणी केली. "दादा, आजचा दिवस अडून बस!"

कुलपाला दया आली. किल्ली फिरेना. "राहू दे, सोमवारी बघू," म्हणत शिंत्रेबाई घरी गेल्या. पेटीचा प्लगही भिंतीत तसाच राहिला.

रविवारी दुपारी तारेवर वीज पडली आणि तारेतून थेट पेटीत शिरली.

सोमवारी एक म्हातारी गेलेल्या लेकीचा फोटो मागायला आली. पेटी सुरू होईना. सवयीने शिंत्रेबाई कपाटाकडे धावल्या, दार उघडलं.

धाकटी ज्याला भ्यायची, तो काळोख तिथे अगदी सुखरूप होता.