पेल्यावरचा घास

मुलांनो, दूर स्पेन देशातल्या एका जंगलात, ऑलिव्हच्या झाडांखाली, एक साळू आपल्या नवऱ्याबरोबर द्राक्षरसाचे दुकान चालवीत असे. वाटेवरची धूळ आणि माश्या रसात पडू नयेत म्हणून नवरा प्रत्येक पेल्यावर पावाची चकती ठेवी. तिकडच्या भाषेत झाकणाला ‘तापा’ म्हणतात. रस प्यायचा, झाकण खायचे आणि उभ्याउभ्या गप्पा मारायच्या, अशी तिथे रीतच पडली.

एका हिवाळ्यात साळूचा नवरा वारला. थोड्या दिवसांनी तिने दुकान उघडले आणि चकत्या ती स्वतःच ठेवू लागली. तिच्या कोठारातल्या पावावर जंगलाचा कारभारी लांडगा डोळा ठेवून होता. तो म्हणाला, “साळूबाई, रीत पाडणारा गेला. आता हे लाड कशाला?”

साळू म्हणाली, “तो गेला. रीत कुठे गेली?”

लांडग्याने कोठाराला कुलूप ठोकले. वर बजावले, की उघडा रस विकताना दिसलात तर दुकानही बंद करीन. पाव तर त्यानेच कोठारात कोंडला होता. आता पेले झाकायचे कशाने?

संध्याकाळी गिऱ्हाइके आली, तेव्हा साळूने त्यांना सारे सांगितले आणि घरी जायला सुचवले. कोणी घरी गेले नाही. सशाने गाजराची चकती आणली. बकरीने चीजचा तुकडा आणला. खारीने झाडाच्या सालीवर चार बदाम आणले. ससा बकरीला म्हणाला, “माझं गाजर तुझ्या पेल्यावर. माझ्याच पेल्यावर ठेवलं तर रस यायच्या आत मी ते संपवीन.” मग सगळ्यांनीच आपापला घास शेजाऱ्याच्या पेल्यावर ठेवला.

हसण्याचा आवाज ऐकून लांडगा धावत आला. एकही पेला उघडा नव्हता. तो गुरगुरला, “असं किती दिवस चालवणार?”

साळू पेले भरतच राहिली. “कोठार तुम्ही घेतलंत,” ती म्हणाली, “दुकान माझं आहे. रस हवा असेल तर या, सगळ्यांसारखे उभे राहा.”

लांडग्याला सगळ्यांसारखे उभे राहणे जमले नाही. तो पावाची राखण करायला परत गेला.

तात्पर्य : कोठाराला कुलूप लावता येते, एकमेकांचा पेला झाकणाऱ्या शेजाऱ्यांना लावता येत नाही.